चुलीपाठची भिंत

आमच्या कोकणात चुलीपाठची भिंत चिऱ्याची, हातभर जाड. थंडीत बाळंतिणीचं अंथरूण तिच्या पलीकडेच घालतात. माझी शाळा पाचवीत सुटली, जे शिकले ते असल्या रीतींतूनच. म्हणून घाटावर कुंभारी गावात भाड्याच्या खोलीत आल्यावर शेजारणीच्या चुलीमागची भिंत उबदार लागली, तेव्हा मी देवाचे आभार मानले. भिंत पत्र्याची होती, पण ऊब तीच. बाळाला मी तिला लागून निजवू लागले.

एका सकाळी शेजारीण भाकरी थापत होती. मी तिच्या दारात उभी राहून म्हटलं, "वहिनी, तुमच्या चुलीमुळे आमचं बाळ सुखात झोपतं हो."

तिचा हात थांबला. "कुटं झोपतंय?"

"ह्या भिंतीपलीकडे."

ती पिठाच्या हातांनीच आमच्या खोलीत धावली आणि तिने बाळाला उचललं. गोधडीची पत्र्याकडची कड तपकिरी झाली होती. मी बोट लावलं तर कापडाचा चुराच झाला. मी बाळाचं अंग चाचपलं; कुठे भाजलं नव्हतं.

"पत्रा हाय ओ अक्का, त्यो तापतोय की," ती म्हणाली.

दुपारी तिने आपली चूल पत्र्यापासून चांगली दूर मांडली. मध्ये आम्ही दोघींनी विटांची आडभिंत रचली, पत्र्याला न टेकवता, हवा खेळेल एवढी फट ठेवून. चूल पेटल्यावर मी आमच्या बाजूने पत्र्याला तळवा लावून बसले.

"गार हाय का?" पलीकडून तिने विचारलं.

"गार आहे."

"मग काढा की हात आता."

मला काढवेना.