उजव्या पायाचं माप

माझा भाऊ टेलर. अख्खा बाजार त्याला मास्तर म्हणतो, मी दादा म्हणते. त्याच्या दुकानातली काज-बटणं आणि तुरपाई गेली एकवीस वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे त्याच्या तऱ्हा माझ्याइतक्या कुणी सोसलेल्या नाहीत. मुख्य तऱ्हा दोन. कपडा कुणाचाही असो, आत तीन बोटं जादा कापड सोडल्याशिवाय तो कात्री लावत नाही. माणूस सुटतो, वाळतो, उद्याचं कुणी सांगावं, म्हणतो. आणि बसलेल्या माणसाचं माप तो घेत नाही. एकदा एक बँक मॅनेजर पाय मुरगळलेला घेऊन आले, खुर्चीतून उठेनात. दादाने फीत गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "पाय बरा झाला की या." गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. मी दिवसभर त्याच्या नावाने खडे फोडले.

वहिनी गेली तेव्हा त्याची मुलगी सहा वर्षांची होती. एका जागी बूड टेकायची नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. मोठी झाल्यावर कामही तसंच धरलं, स्कूटरवरून घरोघरी पार्सलं पोचवायचं. बाविसाव्या वर्षी एका गोदामाच्या दारात मागे येणाऱ्या ट्रकने तिला भिंतीशी चेपलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला, दादाने सही केली, आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापला. "गुडघा वाचलाय, नशीब समजा," त्या म्हणाल्या. आम्ही नशीब समजलो. नवव्या दिवशी जखमेला वास यायला लागला. ताप चढला, पू पसरला आणि दुसरा कागद आला. आता मांडीतून. दादाने तीही सही केली.

शुद्धीवर आल्यावर भिंगरी मला म्हणाली, "आत्या, अंगठ्याला खाज येतेय गं. उजव्या. जरा खाजव ना." मी सपाट चादर खाजवली.

त्याच दुपारी दादा घरून तिच्या सगळ्या पँटी घेऊन दुकानात आला. नऊ होत्या. एकेक पँट टेबलावर पसरली, खडूने रेघ मारली आणि उजवी बाजू मांडीपासून खाली कापून टाकली. जादा कापड सोडलं नाही. "रिकामं लोंबेल," तो म्हणाला, "कुबडीत अडकेल. लोक बघतील." एरवी मी त्याचा एक शब्द खाली पडू देत नाही. त्या दिवशी मूग गिळून बसले आणि नऊच्या नऊ कडांना तुरपाई केली. टाके इतके बारीक बसले की मला मनातून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आज लाज वाटते. कापलेले तुकडे चिंध्यांच्या पिशवीत गेले, त्यातल्या एकाने दादा मशीनचं तेल पुसायला लागला.

तिला घरी सोडण्याआधी दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी आमच्याकडून दोन गोष्टी घोटून घेतल्या. उरलेल्या मांडीला रोज पट्टी आवळून बांधायची, खाली घट्ट, वर सैल, म्हणजे सूज उतरून आकार येईल. आणि रोज तासभर पालथं झोपायचं, नाहीतर खुब्याचा सांधा वाकलेलाच आखडतो. "सहा आठवड्यांनी नकली पायाचं माप घेऊ," बाई म्हणाल्या. पट्टी दादा एका नजरेत शिकला. कापड किती ताणायचं हे त्याच्या बोटांना कुणी सांगावं लागत नाही.

घरी आल्यावर भिंगरीने पहिलं कपाट उघडलं. एक पँट काढली, दुसरी काढली, मग सगळ्याच पलंगावर ओढल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," दादा म्हणाला. "अडकलं असतं गं, म्हणून."

"म्हणजे नकली पाय काही बसणार नाही. तुम्ही ठरवून मोकळे झालात, बाबा." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर तिने पट्टी बांधू दिली नाही. पालथी झोपली नाही. मांडीखाली उशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मांडी सुजून चकचकीत झाली. पंधरा दिवसांनी व्यायामवाल्या बाई घरी आल्या, त्यांनी सांधा सरळ करायला घेतला तर तो अर्ध्यातच अडला. बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अजून दोन आठवडे असंच चाललं तर विसरा. पाय बसवता येणार नाही."

माझं डोकं फिरलं. मी खोलीत जाऊन तिला फाडफाड बोलले. "तुझ्या बापाने सही केली म्हणून तू आज श्वास घेतेयस!"

"त्याच हाताने पँटी कापल्या ना?" ती भिंतीला म्हणाली.

दारात दादा उभा होता. तसाच मागे फिरला. त्या पंधरा दिवसांत त्याने कात्रीला हात लावला नव्हता. गिऱ्हाइकांच्या शिव्या मी खात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निळ्या कापडाचा तागा, फीत आणि मापांची वही घेऊन तिच्या खोलीत गेला. वही माझ्या हातात दिली.

"मी चुकलो," तो म्हणाला. "तीस वर्षांत गिऱ्हाइकाला न विचारता कापड कापलं नाही. तुझं कापलं. मला वाटलं, तू आता उठणार नाहीस. मी घाबरलो होतो गं. नवीन शिवतो, माप दे."

"माप आहे वहीत."

"जुनं आहे ते. तू वाळलीस."

"मग घ्या असंच."

"पडलेल्या माणसाचं माप मी घेत नाही."

मला वाटलं, हातातली वही याच्या टाळक्यात घालावी. भिंगरी वळली. किती दिवसांनी तिने बापाकडे बघितलं! डोळ्यांत नुसता राग होता.

"मला उभं राहता येत नाही, बाबा!"

"मग पँट नाही."

तिने दात खाल्ले, पलंगाची कड धरली आणि डाव्या पायावर उठली. मी धावले, तर मलाच ढकललं. दादा गुडघ्यांवर बसला होता, तिने त्याच्या डोक्यावरचे केस मुठीत धरले आणि त्यांच्या आधाराने उभी राहिली. थरथरत होती. दादाने मान न हलवता फीत लावली. कंबर सांगितली, सीट सांगितली. मी लिहीत गेले.

"डावा पाय, साडेसदतीस."

मग त्याने फीत कंबरेच्या उजव्या बाजूला लावली. मांडीवरून खाली आणली, मांडी संपली तिथे थांबला नाही, तशीच रिकाम्या हवेतून सरळ फरशीपर्यंत नेली आणि तिच्या डाव्या पावलाशेजारी बोटाने दाबून धरली. बोट पांढरं पडलं होतं. फितीवरचा आकडा त्याने दोनदा ताडून बघितला.

"लवकर लिही ना आत्या," भिंगरी म्हणाली. घामाने निथळत होती. "पाय दुखतोय."

"कुठला गं?"

तिने खाली फितीकडे पाहिलं.

"उजवा."

मी वहीत लिहिलं, उजवा पाय, साडेसदतीस. अक्षर गिचमीड आलं.

मग ती पलंगावर पडली आणि आपणहून पालथी झाली. आखडलेला सांधा ताणला गेला तशी उशीत तोंड खुपसून किंचाळली. मी तिची कंबर दाबून धरली, दादा पट्टी बांधायला लागला. "सोडा, बाबा, सोडा!" ती रडत होती.

आम्ही सोडलं नाही.