कापरापासून लांब

"आधी सांग, भीती कशाची वाटते?"

सिंगापूरमधल्या आमच्या बुकित बातोकच्या ब्लॉकमधले निवृत्त पास्टर साध्या सर्दीलासुद्धा हाच प्रश्न विचारत. शिंकत आलेला माणूस काय सांगणार? पण ते पेन उघडून थांबत. उत्तराशिवाय गोळी नाही. असा चिवट माणूस तुमच्याही शेजारात असेलच.

हे तमिळ गृहस्थ लुथरन चर्चचे, आणि होमिओपॅथीही करणारे. दोन्ही वारसे आजोबांचे. आजोबा मलायातल्या रबराच्या मळ्यांवर पास्टर होते. गोऱ्या साहेबांना आणि मजुरांना एकाच लाकडी पेटीतून गोळ्या देत. "डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर, आजोबा दर रविवारी हजर!" असं पास्टर सांगत. ती पेटी आता यांच्या टेबलावर असे.

शुभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या छातीत गाठ लागली. रिपोर्ट शुक्रवारी येणार होता. सोमवारीच मी ऑफिस बुडवून पास्टरांच्या दारात उभा.

"गाठ विरघळेल असं काहीतरी द्या."

त्यांनी पेटी मिटली. "गाठ हॉस्पिटलची. तिला मी हात लावणार नाही. तुझं सांग, भीती कशाची वाटते?"

शुभाशिवाय मला मिठाचा डबासुद्धा सापडत नाही, इथून मी सुरुवात केली. पुढे काय काय बोललो देव जाणे. शेवटी रडलोच.

"हे मात्र माझ्याकडचं," म्हणत त्यांनी बाटली दिली. "चार गोळ्या, तीनदा. बोट लावायचं नाही. कॉफी बंद. आणि कापूर जवळ नको लाह, औषध मरतं." 'लाह' हे त्यांच्या बोलण्याचं सिंगापुरी शेपूट.

"गाठ मला आणि गोळ्या तू खातोस!" शुभा म्हणाली. पण मला झोप लागू लागली. शुक्रवारी कळलं, गाठ साधी होती.

पेढे घेऊन गेलो, तर पास्टरांनी विचारलं, "बाटली कुठे ठेवली होतीस?"

"देव्हाऱ्यात. तिथे कुणी हात लावत नाही."

"आणि आरती?"

"रोज. कापूर लावू..."

ते खोकला लागेपर्यंत हसले. "अरे, म्हणजे पहिल्याच दिवशी मेलं की औषध!"

तो खोकला मात्र थांबला नाही. दोन महिन्यांनी त्यांना हॉस्पिटलात भेटायला गेलो, तर पलंगावर एवढेसे दिसत होते. काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांचाच प्रश्न विचारला, "पास्टर, भीती कशाची वाटते?"

"आईने शिकवलेली प्रार्थना विसरेन, याची."

मग ती म्हणू लागले. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. मला तमिळचा शब्द कळत नाही; पण भेटीची वेळ संपेपर्यंत मी उठलो नाही.

ते गेल्यावर पेटी त्यांच्या मुलीने मला दिली. बेडरूममध्ये ठेवली आहे. आरतीला कापूर पेटला की मी धावत जाऊन ते दार लावून घेतो.

"अरे, रिकामी आहे ती," शुभा म्हणते.

मी तरी दार लावतोच.