दुकान बंद तर फ्रीजही बंद

इथे आखातात, बिन महमूद भागात, आमच्या इमारतीखाली एक किराणा दुकान आहे. मालक मुंबईचा, मराठी बोलणारा, म्हणून आसपासची सगळी मराठी घरं तिथेच जायची. दुकानात माल लावायला परभणीकडचा एक माणूस होता. चाळिशीचा, बायकोमुलं गावी. मला ताई म्हणायचा.

ऐन ऑगस्टात तिथलं पनीर खाऊन माझी मुलगी आजारी पडली. उलट्या थांबेनात, सलाइन लावावं लागलं. ती घरी आल्यावर मी तणतणत दुकानात गेले. मालक नव्हता. परभणीचा माणूस खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, दही-पनीर इथलं नका नेऊ. शेठ म्हणतेत, दुकान बंद तर फ्रीज बी बंद. लाइटीचं बिल लई येतं.”

मला खरंच वाटेना. दुसऱ्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळी मुद्दाम पाव आणायला गेले. मालक गल्ल्यावरून ओरडला, “यल्ला, चल आटप, फ्रीज बंद कर.” माझ्यासमोर! आणि बाहेर अंगाची लाही होत होती.

मी सरळ बलदियाला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला.

तपासणीला एक तरुण अरब बाई आली. तिने फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवला, फुगलेली दुधाची पाकिटं बाहेर काढली. मी दारातच उभी होते. मालकाने लगेच परभणीच्या माणसाकडे बोट केलं. “मॅडम, ही याची चूक. याला काही कळत नाही, उद्याच गावी पाठवतो.”

तो माणूस मान खाली घालून उभा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“खोटं बोलताय तुम्ही!” मी मराठीतच ओरडले. मग त्या बाईला इंग्रजीत सांगितलं, “फ्रीज बंद करायला हेच सांगतात. मी कानांनी ऐकलंय.”

तिने शांतपणे मालकाला विचारलं, “लायसन कुणाच्या नावावर आहे?”

“माझ्या.”

“मग बटण कुणी दाबलं, याच्याशी मला काही देणंघेणं नाही.”

खराब माल फेकायला लावला, दाराला नोटीस लावून दुकान बंद केलं. मला वाटलं, चला, संपलं. पण बायकांच्या ग्रुपवर वेगळीच चर्चा. आपल्या माणसाची तक्रार कशाला? गणपती तोंडावर आलेत, आता मोदकाची पिठी कुठून आणायची? माझी मुलगी कशी आहे, हे एकीनेही विचारलं नाही.

थोड्याच दिवसांत दुकान उघडलं आणि मालकाने पहिलं काम केलं ते त्या माणसाला काढून टाकण्याचं. माझ्या नवऱ्याने धावपळ करून त्याला अबू हमूर भागातल्या एका केटररकडे लावून दिलं. मधले दिवस तो गाववाल्यांच्या खोलीत, त्यांच्याच डब्यावर राहिला. आम्हाला दोष देणारा एक शब्द त्याच्या तोंडून आला नाही.

परवा लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. हातात त्याच दुकानाची पिशवी, वर दह्याचा डबा. म्हणाली, “वहिनी, तुमच्यामुळे बिचाऱ्याची नोकरी गेली हो.”

“माझ्यामुळे?” मी विचारलं. “त्याला काढलं कुणी?”

तिचा मजला आला, ती उतरून गेली.