शेवटून पहिले येण्याची शर्यत

लिफ्टवाले शर्यतीच्या दिवशी भर रस्त्यात आपल्या धाकट्या मेहुण्याच्या पाया पडले, अशी कुजबूज त्या रविवारी दुपारी सुरू झाली आणि सोमवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानात पोचेपर्यंत तिला हातपाय फुटले होते. कोणी म्हणालं, नुसते पाया नाही पडले, रडलेसुद्धा. कोणी म्हणालं, मेहुण्याने आधी पाय मागे घेतला आणि मग उदार होऊन पुढे केला. एकाने तर मेहुण्याला त्यांच्या डोक्यावर हात ठेवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हे गृहस्थ त्या वेळी घरी घोरत पडलेले होते, पण बघणाऱ्याला तेवढ्याने अडत नाही.

पाया कशासाठी पडले, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. बिअरच्या एका पिंपाच्या नावासाठी.

तर आधी लिफ्टवाले. बुटका, भरलेला माणूस, पन्नाशी ओलांडलेला, कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा की घरी आले तरी बायकोला वाटावं कोणी तरी भांड्यांचं कपाट हलवतंय. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत शिरायचं, दोरांना ग्रीस लावायचं, ब्रेक तपासायचा, मग खाली येऊन प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून वाकून बघायचं. लिफ्ट फरशीला अशी टेकली पाहिजे की म्हातारीच्या चपलेलाही पत्ता लागू नये, हा त्यांचा हट्ट. कोणी अडकलं की हातातला घास टाकून पळायचे, आणि दार उघडेपर्यंत फटीतून आतल्या माणसाशी गप्पा मारायचे. घाबरलेला माणूस फटीतून काय वाटेल ते बोलतो. कोणाची सून वेगळी राहणार, कोणाचे केस खोटे, हे लिफ्टवाल्यांना सगळ्यात आधी कळायचं. पण पोटात ठेवायचे. आपल्यासारखे नाहीत.

धावायला त्यांना बायकोने लावलं. ती पोस्टात खिडकीवर बसते, आणि दिवसभर बसून आखडलेले पाय पहाटे धावून मोकळे करते. हरणासारखी पळते. डॉक्टरांनी लिफ्टवाल्यांना साखर वाढल्याचं सांगितलं त्याच दिवशी तिने त्यांच्यापुढे बूट आणून ठेवले. "जन्मभर लोकांना वर चढवलंत, आता स्वतः जरा खाली उतरा," म्हणाली. ती ज्या गटाबरोबर धावायची, त्यात तिचा धाकटा भाऊ आधीपासून होता. तो दातांचा डॉक्टर. गावात त्याला डेंटिस्टसाहेब म्हणतात, बहीण अजून बाळ्या म्हणते. या गटाला नाव होतं काही तरी इंग्रजी, पण लोक धापा मंडळच म्हणायचे.

धापा मंडळाचं खरं मुक्कामाचं ठिकाण म्हणजे जुन्या बर्फाच्या कारखान्यातली ब्रुअरी. स्टीलच्या चार टाक्या, लांब बाकडी, आणि मालकीण ब्रुअरीबाई. बाई आधी शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि ती सवय सुटली नव्हती. तिथे कोणी "दारू" म्हणालं तर बाकावर उभं करायच्या बेताने बघायच्या. "ही क्राफ्ट बिअर आहे. आधी रंग बघा, मग वास घ्या, मग घोट." लिफ्टवाले तिन्ही गोष्टी एकदमच उरकायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. दर वर्षी शहरात मोठी शर्यत व्हायची, एकवीस किलोमीटरची, आणि त्या वीकेंडसाठी ब्रुअरीबाई एक नवी बिअर करायच्या. शनिवारी संध्याकाळी सगळे ती बिननावाची चाखायचे. रविवारी मंडळातला जो माणूस सगळ्यात शेवटी रेघ ओलांडेल, त्याने त्या बिअरचं नाव ठेवायचं. बाई ते खडूने फळ्यावर लिहायच्या आणि वर्षभर ती बिअर त्याच नावाने विकली जायची. अटी दोनच. यायचं स्वतःच्या पायांनी, आणि शेवटच्या रेघेवरची हवेने फुगवलेली कमान खाली उतरवायच्या आत. शर्यतीच्या मागून एक गाडी हळूहळू यायची, दमलेल्यांना उचलायला. त्या गाडीत बसला तो बाद.

पद्धत पाडली होती मागे राहणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून. झालं असं, की पुढे कोणी राहीना. फळ्यावर आपण ठेवलेलं नाव लागतंय म्हटल्यावर मंडळातले भले भले लोक लंगडायला लागले. या कलेत डेंटिस्टसाहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. गडी तसा चपळ, पण शर्यतीत बुटाची नाडी सोडायची, बांधायची, रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या, टाळ्या वाजवणाऱ्या आजीबाईंना कवळी कशी बसली म्हणून विचारायचं. गाडीच्या नाकासमोर चालत, कमान उतरायच्या बेतात असताना साहेब हजर.

गेल्या वर्षी असंच झालं. त्याच्या आधी महिनाभर सार्वजनिक वाचनालयाची नवी लिफ्ट सुरू झाली होती. लिफ्टवाल्यांनी ग्रंथपाल बाईंना बाहेर थांबवलं, "एक फेरी मारून दाखवतो, लोण्यासारखी चालते," म्हणाले, आत शिरले, आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. हत्यारांची पेटी राहिली बाहेर. शेवटी अग्निशमन दलाने ओढून काढलं, आणि ओढताना विजारीची शिवण उसवली. डेंटिस्टसाहेबांनी शर्यतीत शेवटून पहिला नंबर काढला आणि बाईंना म्हणाले, "लिहा. अडकलेली लिफ्ट."

तेवढ्यावर भागलं असतं. पण दैव असं खट्याळ, की ती बिअर उत्तम जमली. किंचित कडू, वर संत्र्याच्या सालीचा वास. लोकांच्या उड्या पडल्या. पिंप संपलं की बाई नवं लावायच्या. "दोन अडकलेल्या लिफ्ट द्या हो इकडे!" अशा आरोळ्या, आणि कोपऱ्यात लिफ्टवाले ग्लासात तोंड घालून. हसण्यावारी नेलं असतं त्यांनी, पण पुढे चिमटा धंद्यालाच बसला. एका मोठ्या इमारतीचे सेक्रेटरी रस्त्यात भेटले.

"काय हो, तुमची अडकलेली लिफ्ट काल घेतली. मस्त!"

"माझी नाही हो ती. बाईंची."

"तेच ते. बरं, आमचं देखभालीचं काम या वेळी दुसऱ्यांना दिलंय. मनावर घेऊ नका. लोक उगाच हसतात हो लिफ्टमध्ये शिरताना."

असं दोन ठिकाणी झालं. लिफ्टवाल्यांनी मनाशी पक्कं केलं, की या वर्षी काय वाटेल ते होवो, शेवटी यायचंच आणि ते नाव फळ्यावरून पुसायचं. कारण नव्या बिअरचं नाव पडलं की जुनी बंद, असा बाईंचा शिरस्ता होता. डेंटिस्टसाहेब पुन्हा शेवटून पहिले आले असते तर काय, हे सांगायला नको. त्यांनी नव्या नावाची तयारी आधीच केली होती. उसवलेली शिवण.

मग लिफ्टवाले सरावाला लागले. सावकाश धावण्याच्या. बघणाऱ्यांची करमणूक झाली. जो माणूस जन्मभर कोणी अडकलं म्हणून धावत जिने चढला, त्याला रेंगाळता कुठलं येतंय? पाय आपोआप उचलायचे. पोस्टातून घरी येऊन बायको बघते तर हे दिवाणखान्यात सोफ्यापासून खिडकीपर्यंत मुंगीच्या पावलांनी चाललेत.

"हे काय चाललंय?"

"सराव."

"माझी आजी शेवटच्या दिवसांत यापेक्षा भरभर चालायची," बायको म्हणाली, आणि पोळ्या लाटायला निघून गेली.

शनिवारी संध्याकाळी ब्रुअरीत सगळे जमले. नवी बिअर गडद, जवळजवळ काळी, भाजलेल्या धान्याच्या वासाची. ब्रुअरीबाईंनी प्रत्येकाला छोटा ग्लास दिला. उद्या धावायचंय म्हणून दुसरा मागायचा नाही, असा नियम होता, आणि तो मोडायला सगळे उत्सुक होते.

डेंटिस्टसाहेबांनी ग्लास उंच धरला. "भावजी, पाय कसे आहेत?"

"जड आहेत," लिफ्टवाले समाधानाने म्हणाले.

"माझा गुडघा तर उठूच देत नाही."

"माझ्या टाचेला घट्टा आलाय."

"दाखवा बघू."

"दात बघतोस ना तू? दातच बघ."

बायको मध्ये बसून शेंगदाणे खात होती. "तुम्ही दोघं उद्या येणार आहात की पुढच्या शनिवारी?"

"ताई, तू आपली पुढे पळ," भाऊ म्हणाला. "हा पुरुषांचा मामला आहे."

"बरं बाळ्या," ती म्हणाली. हे दोन शब्द तिने इतक्या गोड आवाजात म्हटले, की शहाण्या माणसाने तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण बाकावर शहाणं माणूस नव्हतं.

रविवारी सकाळी शर्यत सुटली. बायको हजारो लोकांत दिसेनाशी झाली. हे दोघं सगळ्यांच्या मागे, एकमेकांवर नजर ठेवून. एकाने नाडी बांधली की दुसऱ्याने दोन्ही बांधायच्या. एक पाण्याच्या टेबलापाशी थांबला की दुसरा तिथे पाणी पिऊन, तोंड धुऊन, रुमाल वाळत घालायच्या बेतात. पुलावर डेंटिस्टसाहेबांनी नदीच्या पाण्याची पातळी पाहिली. लिफ्टवाल्यांनी पुलाच्या कठड्याचे खांब मोजायला घेतले. मागच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काका, वरातीतले लोकसुद्धा याहून पटपट चालतात हो!"

बागेच्या वळणापर्यंत हे असंच चाललं. तिथून शेवट तसा जवळ, पण दिसत नाही. वळणावर पाण्याचं शेवटचं टेबल होतं आणि टेबलामागे स्वयंसेवक म्हणून उभ्या होत्या वाचनालयाच्या त्याच ग्रंथपाल बाई. त्यांनी ग्लास आवरायला घेतले होते. मान वर करून पाहिलं तर झाडाखाली डेंटिस्टसाहेब फुटपाथच्या कडेवर बसलेले, पाय लांब केलेला, आणि त्यांच्यासमोर लिफ्टवाले गुडघे टेकून, खाली वाकून, दोन्ही हातांनी पाय धरून. गाडी थांबली. ड्रायव्हर काही बोलला. लिफ्टवाल्यांनी मान न उचलता हातानेच त्याला जा म्हणून खुणावलं. गाडी गेली. लिफ्टवाले वाकलेलेच. ग्रंथपाल बाई सभ्य, म्हणून जवळ गेल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी फक्त आपल्या जावेला सांगितलं. जाऊ किती जणांना सांगणार, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

तिकडे शेवटच्या रेघेपाशी काय चाललं होतं? बायको केव्हाच पोचली होती. मंडळातली सगळ्यात पहिली. पण पोचून रेघेच्या अलीकडे पाऊलभर अंतरावर बाजूला उभी राहिली. एक केळं खाल्लं. ओळखीच्यांशी बोलली. मंडळातले बाकीचे एकेक करून आले, लंगडण्याचं नाटक करत रेघ ओलांडून गेले, आणि ही तिथेच. शेवटी रिकामी गाडी आली. माणसं शिडी लावून कमानीचे दोर सोडू लागली. बायकोने केळ्याची साल टोपलीत टाकली, पदपथावरून खाली उतरली आणि एक पाऊल टाकून रेघ ओलांडली. पाठोपाठ कमान फुस्स करून आडवी झाली.

दोघे आले तेव्हा कमानीची घडी घालणं चाललं होतं. मेहुणा लिफ्टवाल्यांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होता, आणि या वेळी लंगडणं फारच झकास जमलं होतं.

ब्रुअरीत न्यायनिवाडा झाला. डेंटिस्टसाहेब तावातावाने म्हणाले, "ताई तर तासभर आधी आली होती!"

"उभी होती," ब्रुअरीबाई म्हणाल्या. "ओलांडली कधी? कमान उभी असताना, सगळ्यांच्या शेवटी, स्वतःच्या पायांनी. तुम्ही दोघं कमान पडल्यावर. विषय संपला. काय लिहू?"

फळ्यावर अजून जुनंच नाव होतं. लिफ्टवाले टेबलाकडे बघत बसले. नाव आपल्याच घरात आलं खरं, पण बायको भावाची मर्जी राखणार की आपली, याचा त्यांना अंदाज येईना. इतक्या वर्षांच्या संसारात तो कधीच आला नव्हता.

बायकोने काळ्या बिअरचा एक घोट घेतला, ओठावरचा फेस पुसला. "दीडशहाणे," म्हणाली.

बाईंनी ओल्या फडक्याने अडकलेली लिफ्ट पुसली आणि वळणदार अक्षरात दीडशहाणे लिहिलं. बाकं हसून हलली. लिफ्टवाले सगळ्यांत जास्त हसले. पुढचं वर्षभर त्या दोघांत एकच वाद पेटत राहिला, की यातला एक कोण आणि अर्धा कोण. बायकोला विचारलं तर म्हणायची, "आलटून पालटून."

दोन इमारतींपैकी एकीचं काम परत आलं. दुसरीचं आलं नाही. तिथल्या सेक्रेटरींच्या कानावर पाया पडल्याची गोष्ट गेली होती, आणि मेहुण्याच्या पाया पडणाऱ्या माणसाच्या हातात लिफ्ट द्यावी का, असा त्यांना प्रश्न पडला होता. लिफ्टवाल्यांनी खुलासा केला नाही. डेंटिस्टसाहेबांनीही केला नाही. धावणाऱ्यांनी पाणी कसं प्यावं, मीठ किती घ्यावं, यावर ते दर शनिवारी मंडळाला व्याख्यान द्यायचे, आणि खुलाशात ते व्याख्यान वाहून गेलं असतं.

झालं होतं एवढंच. बागेच्या वळणावर मेहुण्याच्या डाव्या पोटरीत गोळा आला आणि तो ओरडून खाली बसला. लिफ्टवाल्यांनी त्याला मागच्या गाडीत बसवून दिलं असतं तर तो बाद झाला असता. "ताईसमोर गाडीतून उतरायला लावू नका," असं तो म्हणाला. लिफ्टवाल्यांनी गाडी पुढे जाऊ दिली. ते पाया पडत नव्हते, पोटरी चोळत होते.