तिसऱ्यांचं कालवण

आई गेल्यावर बाबांना मी कोकणातून लीड्सला आणलं. आणलं म्हणजे अक्षरशः उचलून आणलं, त्यांचं मत घ्यायला वेळ कुणाला होता? माझ्या फ्लॅटमध्ये ते सोफ्याच्या कडेला बसायचे, परक्या घरी पाहुणे आल्यासारखे. गावात भरती-ओहोटी त्यांना विचारून लोक होड्या काढत. इथे त्यांना बाथरूमचा दिवा सापडत नव्हता.

मग एका रविवारी त्यांना समुद्राकडे नेलं, जिथे एक नदी खाडी होऊन पसरते. ओहोटी होती. बाबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या गारठ्यात चिखलात शिरून पायाच्या अंगठ्याने चाचपायला लागले. थोड्या वेळाने वाकले आणि ओरडले, "बाय, तिसऱ्या!" या शिंपल्यांना इथे कॉकल्स म्हणतात, आपल्यापेक्षा जरा गोलसर असतात. त्या दिवशी बाबांनी स्वयंपाकघरात मला पाऊल टाकू दिलं नाही. पुढे महिन्यातून एकदा तरी आमची फेरी व्हायची. ते हसायला लागले, माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवायला लागले. मला वाटलं, जिंकले मी.

गेल्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर नोटीस लागली होती. पाण्यात विषारी शेवाळ वाढलंय, शिंपले गोळा करू नका.

"बाबा, कौन्सिलने वॉर्निंग लावलीये. आज काही घ्यायचं नाही."

"कसलं शेवाळ? पाणी बघ, तळ दिसतोय."

"ते डोळ्यांना दिसत नाही. शिंपल्यात त्याचं विष साठतं, आणि उकळूनही जात नाही."

त्यांनी एक तिसरी उचलून नखाने टोकली. तिने चटकन तोंड मिटलं. "बघ, जिवंत आहे. जी स्वतः मेली नाही, ती मला काय मारणार?"

मी चिडले, बरंच बोलले आणि तरातरा गाडीकडे निघाले. माझ्यामागून त्यांनी जॅकेटचे खिसे भरले.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर असताना त्यांनी कालवण केलं. कोकम जरा जास्तच घातलं, कारण कोकम घातलं की बाधत नाही हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. आमच्याकडे शंका असली की घरातल्या जाणत्याने आधी जेवायचं आणि वाट बघायची, मग इतरांना वाढायचं. तसे ते आधी जेवले. माझा फोन वाजला.

"बाय, ओठांना मुंग्या आल्यात. बोटं पण बधिर झालीत." जीभ जड झाली होती. "तुझ्या वाटणीचं मी ओतून टाकलंय. तू खाऊ नको."

अँब्युलन्स पोचेपर्यंत त्यांचे पाय गेले होते, मग श्वास. या विषावर उतारा नाही. श्वासाचं काम मशीनवर टाकायचं आणि शरीराने विष बाहेर टाकायची वाट बघायची. त्यांना सगळं ऐकू येत होतं, पापणीसुद्धा हलवता येत नव्हती. मी हात धरून नको ते बडबडत बसले. काही दिवसांनी ते उठले, चालले. नशीबवान आहेत, असं वॉर्डमध्ये जो तो म्हणाला.

कसलं नशीब! मला त्या शेवाळाचा संताप येतो, आणि जे दिसतच नाही त्याच्यावर संतापायचं तरी कसं, ते कळत नाही. त्याने बाबांचा जीव सोडला आणि बाकी सगळं नेलं. पाणी ओळखायचं, मासा ओळखायचा, वास घेऊन ताजं-शिळं सांगायचं, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. आता समुद्राचं नाव काढलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. मी मनवायचे सगळे उपाय करून थकले. हे आता असंच राहणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

काल वरण-भात वाढला. साधा वरण-भात, वर तूप. बाबांनी घास कालवला, तोंडाशी नेला आणि थांबले.

"बाय, हे चालेल ना मला?"

मी मान हलवली. मग ते जेवले.