आधी जहाज, मग गुडघा

बाबा एका दमात ‘हो’ म्हणाले, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या बाबांच्या तोंडून पहिल्या फटक्यात ‘हो’ निघालेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. नवा कूलर आणायचा तर आठ दिवस भांडण, चष्मा बदलायचा तर महिनाभर. आणि मी म्हटलं, बाबा, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून क्रूझवर जाऊ, मोठं जहाज असतं, चार दिवस समुद्रात राहायचं, तर यांनी वरणभाताचा घास गिळला आणि म्हणाले, “हो. केव्हा निघायचं?”

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बाबा देवळीला कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. जन्मभर मशिनींखाली उकिडवं बसून बसून गुडघ्यांची पार वाट लागली. दोन्ही वाट्या झिजल्या, बदलाव्याच लागतील, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आता क्रूझ आणि ऑपरेशन एकाच वर्षात बसवायचं म्हणजे तारेवरची कसरत. ऑपरेशननंतर दोनेक महिने घरी कोणीतरी पूर्णवेळ पाहिजे, आणि तेवढी सुट्टी मला फक्त उन्हाळ्यात. ऑपरेशन झाल्यावर लगेच लांबचा प्रवास नको, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. जहाजावर लिफ्ट असते, व्हीलचेअर मिळते, दुखऱ्या गुडघ्यांनीही जमेल, हे मी विचारून घेतलं. म्हणून ठरवलं, दिवाळीत जहाज, मे महिन्यात गुडघा. बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“आधी जहाज?” त्यांनी विचारलं.

“हो, आधी जहाज.”

“बरं,” म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

त्यानंतर घरात जे सुरू झालं, ते मला अजिबात आवडलं नाही. बाबा गोड वागायला लागले. भाजीत मीठ कमी आहे म्हणून रोज नाक मुरडणारा माणूस म्हणाला, “आज भाजी मस्त झाली.” भाजी बिलकुल मस्त नव्हती, मी स्वतः खाल्ली होती. टीव्हीचा रिमोट आपणहून माझ्या हातात दिला. जन्मभर कोणाला हात लावू न दिलेले नट-बोल्टचे पाने शेजारच्या काकांना देऊन टाकले. “राहू दे त्यायच्याजवळ, मले काय करायचे?” मी हबकलेच. म्हटलं, हे काही खरं नाही. आमचे बाबा काहीतरी शिजवून राहिले आहेत.

माझा संशय पक्का होत गेला. यांना ऑपरेशन करायचंच नाही. जहाजावर फिरून यायचं, आणि मे महिना उजाडला की गुडघा बरा आहे म्हणून हात वर करायचे. दोन पावसाळ्यांपूर्वी न्हाणीत पडले होते, तेव्हा मीच उचललं होतं त्यांना. पुन्हा पडले आणि मी शाळेत असले तर? ह्या विचारानं मी मधल्या सुट्टीत घरी फोन लावायचे, आणि ते मात्र म्हणायचे, “भाजी मस्त झाली.” राग येणार नाही तर काय!

एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून आले तर घराला कुलूप. कपाटात पाहिलं, रिपोर्टची फाइलही नाही. दुपारी बाबा लंगडत आले, थैली पोटाशी धरून.

“कुठं गेलते?”

“मारुतीच्या देवळात.”

“फाइल घेऊन? मारुतीले दाखवायले?”

“काऊन, पाहत नाई का तो?” असं म्हणून ते आत गेले.

मी त्यांच्यापुढं ताट वाढलं. पण कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलं, तर तो म्हणाला, बाबा तर वर्ध्याच्या बसमध्ये चढले, मागच्या आठवड्यातही चढले होते. झालं! म्हटलं, गुडघेदुखीचं तेल विकणाऱ्या कोण्यातरी वैदूच्या नादी लागले. पुढच्या शनिवारी मी शाळेत रजा टाकली, रोजच्यासारखी डबा घेऊन बाहेर पडले आणि स्टँडच्या पलीकडे स्कूटी उभी करून थांबले. बापावर पाळत ठेवायची पाळी आली, पण इलाज नव्हता. बाबा आले, कंडक्टरनं हाताला धरून वर घेतलं. मी बसच्या मागं मागं वर्ध्यापर्यंत गेले.

बाबा उतरले, थांबत थांबत चालले आणि एक्स-रे सेंटरमध्ये शिरले. तेच सेंटर, जिथं त्यांच्या गुडघ्यांचे फोटो काढले होते. मी मागोमाग आत. बाबांनी फिल्म उजेडात धरली होती आणि काउंटरवरची बाई कपाळाला हात लावून बसली होती.

“तुम्ही यांच्या कोण?” तिनं मला विचारलं. “बरं झालं आल्या. आजोबा तिसऱ्यांदा आले. म्हणतात, यात कॅन्सर कुठं लिहिला आहे, तेवढं दाखव.”

मी बाबांच्या हातातली फिल्म काढून फाइलमध्ये घातली.

बाबांना बाहेर आणलं, झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि ओरडले, “बाबा, डोकं ठिकाणावर आहे का? गुडघे झिजले तुमचे, गुडघे! दुसरं काही नाई!”

“मंग आधी जहाज काऊन?” बाबा शांतपणे म्हणाले. “ज्याले गुडघा दुरुस्त करायचा आहे, तो आधी दुरुस्त करते आन् मंग फिरते. भंगारात जाणाऱ्या मशिनीले कोणी नवं बेअरिंग टाकत नाई. मी फिटर आहो, मले समजते.”

“अहो, मले सुट्टी नाई म्हणून! तुमची शपथ!” मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

बाबांनी तो हळूच खाली घेतला. “आईसमोरही असाच ठेवलता तू, माह्या डोक्यावर. म्हणे, आई, तुले काही नाई झालं, चाल रामेश्वरले जाऊ.”

खरं होतं ते. डॉक्टरांनी आईच्या कॅन्सरचं सांगितलं, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ते तिच्यापासून लपवलं होतं. बाबांची शपथ घेऊन मी धडधडीत खोटं बोलले होते. मग आता माझी शपथ कोण खरी मानणार?

“तिले माहीत होतं,” बाबा म्हणाले.

“काय?”

“पहिल्या दिवसापासून. मले म्हणे, पोरगी हौसेनं नेऊन राह्यली, तिले कळू देऊ नका.”

भर रस्त्यात मी ढसाढसा रडले. रामेश्वरच्या प्रत्येक फोटोत आई हसते आहे, आणि ते हसू आमच्या खोटेपणाच्या हुशारीचं फळ आहे, असं मी सहा वर्षं समजत होते.

नाक पुसून मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. स्पीकर चालू केला. म्हटलं, सगळ्यात आधीची तारीख द्या, बिनपगारी रजा घेते. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात पहिला गुडघा करू, बाकी सगळं ठणठणीत आहे, दिवाळीचा प्रवास मात्र विसरा. बाबा कान देऊन ऐकत होते. फोन ठेवला तेव्हा त्यांनी फाइल थैलीत टाकली आणि बाकावर मागं रेलले.

“पटलं आता?”

“पटलं.”

“जहाजाचं पुढच्या वर्षी पाहू मग.”

बाबा चपलेकडे पाहत म्हणाले, “नको. मले पाण्याचं लय भेव वाटते. लहानपणी विहिरीत पडलतो.”

“अहो, मग हो काऊन म्हटलं होतं?”

“वाटलं, शेवटचं आहे. मी गेल्यावर तुले बरं वाटन, बापाले फिरवलं म्हणून,” बाबा म्हणाले. “आता मरायचंच नाई, तर मंग कायले जाऊ मी पाण्यात?”