सातवा तुकडा

“हा तं लवकरच तुटला. याले नाही मोजत,” मशीनवाले काका स्वतःशीच पुटपुटले आणि माझा सातवा तुकडा त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दात भरायच्या नव्या कंपोझिटचे तुकडे मशीनवर किती दाबाला तुटतात ते तपासायला मी रोज त्यांच्या लॅबमध्ये येते. काका पूर्वी प्लांटमध्ये सळ्या तोडून तपासायचे. अजूनही तुकडा लावण्याआधी त्यावर फुंकर मारतात, मशीनजवळ कान नेतात आणि तो उशिरा तुटला की “शाब्बास” म्हणतात. माझ्यासाठी घरचा चिवडा आणतात. म्हणूनच आधीचे दोन तुकडे असेच डब्यात गेले तेव्हा मी गप्प बसले होते.

“काका, का टाकला?”

“प्लांटमधी सॅम्पल फेल झालं का आमी दुसरं लावत होतो, बेटा. पाह्य ना, तुये आकडे किती मस्त येऊन राहिले!”

हेच कंपोझिट उद्या कुणाच्या तरी दाढेत बसेल. जेवताना तुटलं, तर तिथे कोण दुसरं लावणार? काकांपेक्षा मला माझाच जास्त राग आला.

मी डब्यात हात घालून दोन्ही अर्धुकं काढली.

“याचा आकडा लिहा, काका. आणि आधीच्या दोन तुकड्यांचेही.”